देवमाशाचे पाय

२०२३ सालीं ऐन दिवाळीच्या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यांतील गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचें एक पिल्लूं वाळूंत येऊन रुतलें होतें, हें वृत्त पुष्कळ वाचकांच्या स्मरणांत असेल. सरकारी अधिकारी, कोळी बांधव व गांवकरी यांनीं त्यासाठीं दोन दिवस जिवापाड खटपट केली, त्यास ओढून एकवार खोल पाण्यांत नेऊन सोडलेंहि. परंतु शेवटीं तें वाचलें नाहीं. ही वार्ता घरोघरीं वाचली गेली तेव्हां अनेकांच्या तोंडून सहज उद्गार निघाले असतील कीं, मासा पाण्याबाहेर आला म्हणजे मरावयाचाच, त्यांत नवल तें काय? आमच्या मतें नवल नेमकें येथेंच आहे. मासा पाण्याबाहेर मरतो तो श्वास न मिळाल्यामुळें. देवमाशास कल्ले नाहींतच. तो तुमच्याआमच्यासारखा फुप्फुसांनीं, उघड्या हवेंत श्वास घेतो. असें असतां हवेंत पडलेला देवमासा मरावा कां? आणि उलट, जाळ्यांत गुरफटून पाण्याखालीं अडकला तर समुद्रांतच जन्मलेला हा प्राणी समुद्रांतच बुडून मरावा कां? या दोन प्रश्नांचें उत्तर एकच आहे. देवमासा हा मूळचा जमिनीवरचा, चार पायांचा प्राणी. तो पुढें समुद्रांत राहावयास गेला. तेथें त्यानें जवळजवळ सर्व कांहीं पालटलें. पण कांहीं गोष्टी त्यास पालटतां आल्या नाहींत. त्या प्रवासाची हकीकत आज सांगावयाची आहे.

बीड जिल्ह्यांत बसून समुद्राच्या गोष्टी सांगणें कित्येकांस विचित्र वाटेल. आमच्यापासून समुद्र सुमारें तीनशें किलोमीटर दूर. आमच्याकडे पावसाळ्यांत आभाळाकडे पाहण्यांतच दिवस जातात. तथापि कालगणना समजून घेण्यास आमच्या पायांखालचा काळा पाषाण फार उपयोगी आहे. बालाघाटाचे डोंगर ज्या पाषाणाचे झाले, आणि अंबेजोगाईचें हत्तीखाना नांवाचें लेणें ज्या पाषाणांत कोरलें आहे, तो पाषाण म्हणजे सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वर येऊन थिजलेला लाव्हारस होय. त्या वेळीं जगांत एकहि देवमासा नव्हता. हा पाषाण थंड होऊन दीड कोटी वर्षें लोटल्यावर देवमाशाच्या पूर्वजांनीं पाण्यांत पाय घातला. म्हणजे आमच्या शेतांतील धोंडा हा देवमाशाच्या कुळापेक्षां वयानें वडील आहे!

प्रथम नांवाचा विचार करूं. आपल्या भाषेनें या प्राण्यास 'मासा' म्हटलें, तें त्याचें राहणें व आकार पाहून. अमरकोशकारांनींहि तिमि व तिमिंगिल हीं नांवें माशांच्या मालिकेंतच गुंफिलीं आहेत. परंतु त्याच कोशांत शिशुमार, म्हणजे गंगेंतील सूंस ज्या कुळांतील आहे त्या प्राण्याचें नांव, माशांत न घालतां निराळ्या जलजंतूंच्या वर्गांत घातलें आहे. आणि त्याचा शेजारी म्हणून उद्र, म्हणजे पाणमांजर, गणलें आहे. हा शेजार मोठा अर्थपूर्ण आहे, तो कसा हें पुढें दिसेल. आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं प्राण्यांचे जरायुज व अंडज असेहि भेद केले आहेत. देवमाशास ही कसोटी लाविली म्हणजे संशय उरत नाहीं. तो जरायुज आहे, उष्ण रक्ताचा आहे आणि पिलांस दूध पाजतो. घरांतील मुलांनीं विचारल्यास, देवमासा हा माशाचा नव्हे तर गाईचा आप्त, असें बेलाशक सांगावें. हें आम्ही विनोदानें म्हणत नाहीं. त्याचा पुरावा पुढें येतच आहे.

मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह असा अवतारांचा क्रम सांगून, प्राणी पाण्यांतून जमिनीवर कसे आले याचें हें रूपक आहे, असें पुष्कळ व्याख्याते सांगतात. उपमा म्हणून ती गोड आहे. तिला प्रमाण समजूं नये. कारण सृष्टीचा प्रवाह एकाच दिशेनें वाहतो असें नाहीं. सुमारें ३७ कोटी वर्षांपूर्वीं पाठीचा कणा असलेले कांहीं प्राणी पाण्यांतून जमिनीकडे वळले हें खरें. पण त्यांच्या वंशजांपैकीं कित्येक घराणीं पुढें निरनिराळ्या काळीं उलट पावलीं समुद्राकडे परतलीं. कांसवें गेलीं, साप गेले, सील गेले, समुद्रगाय गेली आणि देवमासाहि गेला.

देवमाशाच्या या प्रवासाचा पुरावा आपल्याच देशांत सांपडला आहे. पांच कोटी वर्षांपूर्वीं हिंदुस्थानची भूमि दक्षिणेकडून सरकत येऊन आशियास भिडूं लागली होती आणि दोहोंच्या मध्यें टेथिस नांवाचा उथळ व उबदार समुद्र हळूहळू आटत होता. त्याच्या कांठचे प्राणी चिखलांत गाडले जाऊन त्यांचे अश्मावशेष झाले. जम्मूकडील कालाकोट येथें ए. रंगराव या भूगर्भशास्त्रज्ञांस असे अवशेष मिळाले. त्यांतील एका लहान खुरवाल्या प्राण्यास त्यांनीं १९७१ सालीं 'इंडोहायस' हें नांव दिलें. त्यांनीं आणलेले कित्येक दगड मात्र त्यांच्या हयातींत फोडावयाचे तसेच राहून गेले. त्यांच्या पश्चात् त्यांच्या पत्नीनें ते जपून ठेविले व पुढें थिविसन नांवाच्या संशोधकांच्या स्वाधीन केले. त्यांतील एक कवटी साफ करतांना अवचित फुटली, आणि आंतील कानाच्या हाडाची एक भिंत दिसली. ती एका बाजूस विलक्षण जाड होती. अशी घडण देवमाशाच्या कुळांतच आढळते. २००७ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. घरांतील अडगळ म्हणून ते दगड त्या बाईंनीं टाकून दिले असते, तर ज्ञानाचा हा दुवा कदाचित् कायमचा हरवला असता.

हा इंडोहायस मांजराएवढा, हरणासारखा दिसणारा प्राणी. तो देवमाशाचा प्रत्यक्ष पूर्वज नव्हे, तर त्याच्या चुलतघराण्यांतला; परंतु चुलत्यावरून आजोबांची कल्पना येते. त्याच्या पायांचीं हाडें आंतून भरींव व जड होतीं, पाण्यांत तळाशीं चालणाऱ्या हिप्पोच्या हाडांसारखीं. आजहि आफ्रिकेंत, आपल्या सह्याद्रींतील पिसोरी हरणाचें एक भावंड आहे. तें शत्रु दिसतांच पाण्यांत उडी घेऊन दडून बसतें. देवमाशाच्या पूर्वजांनीं पाण्याचा आश्रय घेतला तो आरंभीं अशाच भयानें, आणि पुढें तेथील भक्ष्याची चटक लागून, असें अनुमान आहे.

यापुढच्या पायऱ्याहि मिळाल्या आहेत. आज पाकिस्तानांत असलेल्या डोंगरांत 'पाकिसेटस' सांपडला. तो लांडग्याएवढा, चार पायांवर चालणारा, पण कान देवमाशाच्या घडणीचा. तिकडेच 'अँब्युलोसेटस', म्हणजे चालणारा देवमासा, मिळाला; त्याचें वर्णन १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. तो सुसरीप्रमाणें पाण्यांत दबा धरून बसत असावा. कच्छांत अशोक सहनी व व्ही. पी. मिश्र यांनीं शोधलेल्या प्राचीन देवमाशांचें वर्णन १९७५ सालीं प्रसिद्ध झालें. आणि २००० सालीं तेथल्याच 'कच्छिसेटस' या लहानशा देवमाशास नांव मिळालें. त्याचें शरीर लांबट व शेंपूट बळकट. तो पाणमांजरासारखा पोहत असावा. शिशुमाराशेजारीं पाणमांजर मांडणाऱ्या कोशकारांस हें कळतें तर मौज वाटली असती! पुढें सुमारें चार कोटी वर्षांपूर्वींचा 'बॅसिलोसॉरस' येतो. तो पन्नास फुटांहून लांब, पूर्णपणें समुद्रवासी. तरीहि त्यास गुडघा, घोटा व बोटें असलेले इवलेसे मागचे पाय होते. मिसर देशाच्या वाळवंटांत देवमाशांची दरी म्हणून स्थळ आहे, तेथें हे पाय मिळाले व १९९० सालीं त्यांचें वर्णन छापलें गेलें. चालण्यास त्यांचा कांहींच उपयोग नव्हता.

गाईच्या आप्तपणाचा पुरावा घोट्यांत आहे. गाय, शेळी, हरीण, उंट, डुक्कर या सम खुरांच्या प्राण्यांच्या घोट्यांत एक विशिष्ट हाड असतें; त्याच्या दोन्ही टोकांस विहिरीवरील रहाटाच्या चाकासारखी खांच असते. दुसऱ्या कोणत्याहि कुळांत हें आढळत नाहीं. २००१ सालीं प्राचीन देवमाशांच्या घोट्यांचीं हाडें प्रसिद्ध झालीं, आणि त्यांस दोन्ही टोकांस तशीच खांच निघाली. रक्तामांसाच्या सूक्ष्म परीक्षेनेंहि तीच साक्ष दिली आहे. जिवंत प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा नातलग हिप्पो ठरतो. आजहि देवमाशाचें पोट गाईच्या पोटाप्रमाणें अनेक कप्प्यांचें असतें.

आतां समुद्रांत राहण्यासाठीं काय काय करावें लागलें तें पाहूं. आपल्या घरांतील वृद्ध स्त्रिया जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात. त्या बाजारांतून नवें कापड आणीत नाहींत, आहे तेंच उसवून, जोडून कामास लावितात. सृष्टीची रीत तीच आहे.

पहिली गोष्ट पोहण्याची. भिंतीवरील धांवती पाल पाहा. तिचें अंग डावीउजवीकडे वळतें. मग धांवतें मांजर पाहा. त्याची पाठ वरखालीं लवते. मासे, पाली, साप यांची चाल पहिल्या तऱ्हेची. सस्तन प्राण्यांची दुसऱ्या. देवमासा पाण्यांत गेला तो आपली वरखालीं लवणारी पाठ घेऊन गेला. म्हणून माशाचें शेंपूट उभें असतें व देवमाशाचें आडवें. या उलट, फार प्राचीन काळीं समुद्रांत परतलेल्या इक्थिओसॉर नांवाच्या सरीसृपांचें शेंपूट माशासारखें उभेंच होतें, कारण त्यांची पाठ डावीउजवीकडे वळणारी होती. त्यांतील एकाचा सांगाडा कच्छांत मिळाल्याचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. शेंपटावरून कूळ ओळखावें तें असें.

दुसरी गोष्ट श्वासाची. नाक तोंडाच्या पुढच्या टोकाशीं होतें, तें पिढ्यानुपिढ्या मागें सरकत डोक्याच्या माथ्यावर आलें. पाण्याबाहेर केवळ माथा काढला कीं काम भागतें. देवमासा एका निःश्वासांत फुप्फुसांतील बहुतेक सर्व हवा पालटतो; आपण शांत बसलों असतांना तिचा अल्प अंशच पालटतो. शिवाय प्राणवायूचा मोठा सांठा तो फुप्फुसांत न ठेवितां रक्तांत व स्नायूंत ठेवितो. चोचीच्या देवमाशांपैकीं एका जातीची बुडी ३ तास ४२ मिनिटांची मोजली गेली. ती २०२० सालीं प्रसिद्ध झाली. परंतु कितीहि संयम केला तरी त्यास वर यावेंच लागतें. डॉल्फिन तर झोंपतांना अर्धाच मेंदु झोंपवितो व अर्धा जागा ठेवितो. कारण श्वास घेण्यास जागें राहणें त्यास अवश्य आहे.

तिसरी गोष्ट उष्णतेची. पाणी हें हवेपेक्षां सुमारें पंचवीसपट वेगानें अंगांतील ऊब ओढून नेतें. अंगावरील लोंकर पाण्यांत अडचणीची. म्हणून केंस गेले आणि कातडीखालीं चरबीचा जाड थर आला. तरीहि कित्येक जातींच्या मुस्कटावर दोनचार केंस अजून राहिले आहेत.

चौथी गोष्ट अपत्याची, आणि ही आमच्या भगिनींस विशेष रुचेल. डॉल्फिनाचें पिल्लूं बहुधा शेंपटीकडून जन्मतें, आणि पहिला श्वास घेण्यास पाण्यावर येतें; आई त्याच्या सोबतीस असते. पाण्यांत दूध ओठांनीं चोखणें कठीण. म्हणून आईच दूध पिलाच्या तोंडांत सोडते. तें दूधहि पातळ नसतें. गाईच्या दुधांत शेंकडा चार भाग व म्हशीच्या दुधांत सात भाग स्निग्धांश असतो. मोठ्या देवमाशांच्या दुधांत तो तीस ते पन्नास भाग असतो. या दुधावर निळ्या देवमाशाचें पिल्लूं दिवसाकांठीं सुमारें नव्वद किलो वाढतें!

अपत्याचा प्रश्न सर्वांनाच असा सुटला नाहीं. समुद्रकांसव अंडज, त्याच्या अंड्यांतील जिवास हवा हवी, म्हणून कोट्यवधि वर्षें समुद्रांत काढूनहि मादीस अंडीं घालण्यास वाळूवर यावेंच लागतें. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवीं सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ सालापासून गांवकऱ्यांच्या साह्यानें या अंड्यांचें रक्षण आरंभिलें, तें याच कारणें शक्य झालें. अंडीं घालतांना कांसवीण रडते असें लोक म्हणतात. तें दुःख नव्हे. समुद्राचें जादा मीठ ती डोळ्यांजवळील ग्रंथींतून बाहेर टाकीत असते. मालवणकडे कोळ्यांच्या जाळ्यांत येणाऱ्या समुद्रसर्पांनीं दुसरी युक्ति केली. त्यांच्या मीठ टाकणाऱ्या ग्रंथि जिभेखालीं आहेत, शेंपटी वल्ह्यासारखी चपटी आहे, आणि अंडीं पोटांतच उबवून ते जिवंत पिलें देतात. म्हणून त्यांस जमिनीचें तोंड पाहावें लागत नाहीं. श्वासासाठीं वर येणें मात्र कांसवास चुकलें नाहीं, सर्पासहि चुकलें नाहीं.

मग देवमाशाचे पाय गेले कोठें? पुढच्या पायांचे पंख झाले. परंतु त्या पंखाच्या आंत दंड, मनगट व बोटें यांचीं हाडें आपल्या हातांतल्यासारखींच रांगेनें आहेत. मागचे पाय नाहींसे झाले. तरी कटीचीं दोन लहान हाडें मांसांत अधांतरीं राहिलीं आहेत. गर्भावस्थेंत डॉल्फिनास मागच्या पायांचे अंकुर फुटतात व थोड्याच दिवसांत विरून जातात. २००६ सालीं जपानांत ताइजी येथें एक डॉल्फिन पकडला गेला. त्यास मागील बाजूस आणखी दोन पंख होते. विसरलेलें पाऊल क्वचित् असें पुन्हां उमटतें.

आरंभींच्या प्रश्नांचीं उत्तरें आतां सोपीं झालीं. पाण्यानें तोलून धरलेलें शरीर किनाऱ्यावर आपल्याच भारानें फुप्फुसें दडपून टाकतें. जी चरबी समुद्रांत ऊब राखते तीच उन्हांत त्यास भाजून काढते. आणि कातडी सुकून भेगाळते. पाय तर नाहींतच. जमिनीचा श्वास त्याजपाशीं उरला आहे, जमिनीवर उभें राहण्याचें बळ उरलें नाहीं. आणि पाण्याखालच्या जाळ्यांत अडकला असतां तोच श्वास त्याचा घात करतो. मासा जाळ्यांत कांहीं काळ तग धरूं शकेल. डॉल्फिन घटकाभरांत गुदमरतो.

यांत माणसाचें कर्तव्य काय, तेंहि सांगितलें पाहिजे. १९७२ च्या वन्यप्राणिसंरक्षण कायद्यानें देवमासे व डॉल्फिन यांस संरक्षण दिलें आहे. परंतु कायद्यानें कोळ्याचें फाटलेलें जाळें शिवलें जात नाहीं, आणि जाळें हीच त्याची शेती. म्हणून २०१८ च्या डिसेंबरांत महाराष्ट्र सरकारनें योजना काढली कीं, असा संरक्षित प्राणी सोडविण्यासाठीं कोळ्यानें जाळें कापलें तर त्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. जाळें कापणाऱ्याच्या चुलीचाहि ज्यांत विचार आहे असें हें धोरण आम्हांस फार शहाणपणाचें वाटतें. दुष्काळी मुलखांतल्या आम्हां लोकांस हें सहज पटावें. ज्याच्या घरीं दाणा नाहीं त्यास भूतदयेचा नुसता उपदेश करून भागत नाहीं.

सुटींत कोंकणांत जाणाऱ्या कुटुंबांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. किनाऱ्यावर असा प्राणी पडलेला दिसल्यास प्रथम वनखात्यास अथवा पोलिसांस कळवावें. भोंवतीं गर्दी व गलबला करूं नये. मुलांस पाठीवर बसवून छायाचित्रें काढूं नयेत. शेंपूट किंवा पंख धरून ओढूं नये. ओलें कापड अंगावर घालावें, सावली करावी. मात्र माथ्यावरील नाकपुडी झांकूं नये व तींत पाण्याचा थेंबहि जाऊं देऊं नये. देवमासा हा मासा आहे असें समजून दयाळु माणूसहि त्याच्या नाकांत पाणी ओतील, आणि ज्यास वांचवावयाचें त्यास बुडवील. वर्गीकरण हा केवळ परीक्षेंत गुण मिळविण्याचा विषय आहे असें ज्या विद्यार्थ्यांस वाटतें, त्यांनीं या एका उदाहरणाचा विचार करावा.